चार भाषा आणि एक पोरगं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्वतःची ओळख करून देण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरी तेलुगू, गल्लीत सोलापुरी, वर्गात पुस्तकी मराठी, मुलाखतीत इंग्रजी, असे चार मुखवटे चढवल्यावर पोरगं स्वतः उरतं कुठं? एवढं करून सगळे एकच ‘मायसेल्फ अमुक अमुक’ घोकतात. आणि जोहारी विंडो, म्हणजे आपण स्वतःला कसे दिसतो आणि इतरांना कसे हे ताडून पाहायची पद्धत, हे अमेरिकेतलं खूळ, पोरांना चारचौघांत उघडं पाडणारं.

मुखवट्याचं मला मुळीच पटत नाही. मित्राला ‘काय करलालास बे?’ विचारणारा पोरगा आजोबांना ‘बे’ म्हणत नाही. समोरचा माणूस पाहून बोलणं बदलायचं, हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून येतं. सोलापूरच्या पूर्व भागात तर एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकाशी मराठी आणि तेलुगू दोन्ही चालतात. मुलाखतीचं इंग्रजी ही त्याच्या पुढची पायरी. घोळ होतो तो नवी भाषा देताना आधीची भाषा चुकीची ठरवली जाते तेव्हा.

तेलुगू किंवा कन्नड घरातला मुलगा वर्गात ‘तो खुर्ची’ म्हणतो आणि बाकं हसतात. त्याच्या घरच्या भाषेत निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगात बसतात. मराठीत तो पंखा, ती खुर्ची, ते कपाट; अर्थावरून यातलं काहीच ओळखता येत नाही. मराठी घरात हे आपोआप कानावर पडतं, याला एकेक शब्द लक्षात ठेवावा लागतो. एकदा हसं झालं की तो वाक्यं आखूड करतो, मग हात वर करणंच सोडतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली ज्याला ‘आत्मविश्वास कमी’ म्हणतात, त्यातला बराचसा भाग हा असा तयार झालेला असतो. शिक्षकानं तिथं अडवून दुरुस्ती करू नये. ‘हो, ती खुर्ची इकडे घे’ असं आपल्या वाक्यात बरोबर रूप वापरावं आणि पुढं जावं.

‘मायसेल्फ’चं म्हणाल तर ते संपूर्ण उत्तर लिहून पाठ केल्यानं होतं. पाठ केलेलं साखळीसारखं असतं, एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं. त्यापेक्षा कागदावर फक्त पाच शब्द लिहावेत. त्यावरून आधी घरच्या भाषेत दोन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करावं, मग तेच मराठीत, शेवटी इंग्रजीत. भाषांतर करायचं नाही, पाच शब्दांकडे पाहून नव्यानं सांगायचं. ऐकताना आधी वाक्याचा शेवट तपासावा. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत क्रियापद साधारणपणे शेवटी येतं. आवाज शेवटी पडला तर ‘मी ते काम सोडलं नाही’ मधला ‘नाही’च ऐकू येत नाही आणि अर्थ उलटा होतो.

बोलायचं काय, हा खरा प्रश्न आहे. आई विड्या वळत असेल तर ‘मदर हाउसवाइफ’ म्हणून विषय संपवला जातो. पण पानं भिजवायची कधी, हजार पुरे झाले का, कारखान्यात खराब म्हणून किती बाजूला काढल्या, हा हिशेब घरात मुलगीच ठेवत असेल, तर जबाबदारीच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. ‘मी रोजची मोजणी आणि नोंद ठेवते, फरक आला तर कारण शोधते.’ बस्स, दोन वाक्यं. घरातलं सांगायचं की नाही, हे मात्र तिचं तिनं ठरवायचं.

जोहारी विंडो अमेरिकेतलीच, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी 1955 साली मांडलेली. चार खणांची चौकट : मला आणि इतरांना ठाऊक असलेलं, फक्त इतरांना दिसणारं, फक्त मला ठाऊक असलेलं, आणि कुणालाच ठाऊक नसलेलं. मूळ पद्धतीत एखाद्याला लागू पडणारी पाच-सहा विशेषणं 56 विशेषणांतून तो स्वतः निवडतो आणि इतरही निवडतात. इथं तुमची भीती रास्त आहे. एकाच गल्लीतली पोरं एकत्र बसली की ‘बुजरा’ हे विशेषण उद्यापासून टोपणनाव होतं. म्हणून विशेषणाऐवजी पाहिलेली कृती लिहायला सांगावी : ‘गटचर्चेत दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतो.’ गट पाच-सहा जणांचा, चिठ्ठ्या बिननावाच्या, आणि वर्गात मोठ्यानं वाचायच्या नाहीत. ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या. शिक्षकानं त्या आधी चाळून टोचणाऱ्या बाजूला काढाव्यात. तिसऱ्या खणाला, म्हणजे फक्त स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टींना, हातच लावू नये. जात, घरची मिळकत, आजारपण यांतलं काही विचारायचं नाही, आणि कुणी आपणहून बोललं तर त्यावर चर्चा लावायची नाही. वर्ग नवा असेल तर पहिले काही आठवडे हा प्रयोग नकोच. पोरं एकमेकांना न हसता ऐकायला लागली की मग घ्यावा.