‘तो काहीच करस नही, भाऊ!’

घरी कुत्रा आणला की सर्वप्रथम एक मजबूत साखळी विकत घ्यावी आणि ती कुत्र्याच्या गळ्यात न अडकवता स्वतःच्या मनगटाला गुंडाळून मिरवावी. जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरताना जाणकार मालक ओळखू येतात ते याच खुणेवरून : साखळी मालकाच्या हातात, रॉकी पन्नास पावले पुढे आणि त्याच्याही पुढे कुण्या आजोबांचे धोतर. आजोबा थबकले, एका हाताने धोतराचा सोगा सावरत दुसऱ्या हाताने काठी चाचपू लागले, की चालण्याचा वेग न वाढवता लांबूनच दिलासा द्यावा, “घाबरू नका बाबा, तो काहीच करस नही!” (आपण अहिराणी बोलावे, रॉकीला मात्र ‘नो’ आणि ‘सिट’ एवढेच कळते, आणि तेही घरात.) काठी उगारली गेलीच, तर प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आपल्याला नेमका त्याच क्षणी आठवला पाहिजे.

दुसरा कायदा आठवू नये. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ म्हणते की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना, ती टाळण्यास पुरेशी खबरदारी जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणाने न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये हाच दंड एक हजारापर्यंत होता. १ जुलै २०२४ पासून तो पाचपट झाला. या कलमाचा खोडसाळपणा असा की, ते कुत्रा चावण्याची वाट पाहत बसत नाही. खबरदारी घेतली होती का, एवढेच विचारते. रॉकी घरात नातवंडांच्या अंगावर झोपतो, या हृदयस्पर्शी पुराव्यासाठी त्यात अपवाद ठेवलेला नाही.

तरीही तो चावलाच, तर जखमेवर तिखट किंवा चुना लावण्याचा वडिलोपार्जित सल्ला द्यावा. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे, त्याच दिवशी लस सुरू करणे आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दंडात सुई टोचून घेणे, ही सारी कटकट चावा घेतलेल्याची आहे, आपली नव्हे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही, हे सांगून सकाळच्या प्रसन्न वातावरणाचा विचका करू नये. रॉकीच्या लसीचे कार्ड कोणी मागितलेच, तर ते ‘घरीच कुठेतरी’ असावे.

शेजारच्या अंगणातील ताज्या रांगोळीलगत रॉकीने विधी उरकला, तर आपण आभाळाकडे पाहावे. सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२ खाली एक हजारापर्यंत दंड आहे खरा, पण पिशवी आणि खुरपे घेऊन फिरणारा मालक शोभून दिसत नाही.

आणि पोलीस दारात आलेच, तर ‘ताब्यातील’ या शब्दावर बोट ठेवावे. “साहेब, हा गल्लीतलाच आहे, आम्ही फक्त भाकरीचा तुकडा टाकतो,” असे ठामपणे सांगावे. मात्र त्याआधी आपले आडनाव कोरलेला पट्टा रॉकीच्या गळ्यातून काढून घ्यावा आणि त्याला सोफ्यावरून खाली उतरवावे.