पुढचा कॅमेरा घेताना घ्यावयाची दक्षता

पुढचा कॅमेरा कोणता घ्यावा, यावर विचार सुरू करताय ना? मग आधीच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो चुकूनही उघडू नका. भाच्याच्या बारशात आत्याचं डोकं कापलेलं आणि फोकस मागच्या पडद्यावर गेलेला दिसला, की दोष नक्की कुणाचा असे नसते प्रश्न मनात येतात. दोष सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपचा आहे. तो कायम सेन्सरचाच असतो.

सध्या तुमच्याकडे 24 मेगापिक्सेल आहेत. म्हणजे आडवे 6000 आणि उभे 4000 ठिपके. त्यातून 20 इंच रुंद प्रिंट खणखणीत निघते. पण तुम्ही प्रिंट काढतच नाही, तेव्हा हा हिशेब तुम्हाला लागू नाही. सोनीचा 61 मेगापिक्सेलवाला 2019 सालीच आलाय, त्याच्या खाली बघूच नका. पुढे ते फोटो व्हॉट्सॲपवरून मावशीला जातील आणि वाटेतच त्यांचा भुगा होईल. घरच्या फुल एचडी टीव्हीवर लावलेत, तर त्या पडद्यावर ठिपके असतात जेमतेम 2 मेगापिक्सेल. उरलेले 59 कुठे गेले, हे विचारण्याचा कद्रूपणा करू नये.

सेन्सर फुल फ्रेमच हवा, 36 बाय 24 मिलिमीटर. क्रॉप सेन्सरचं, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचं, नाव निघालं तरी नाक मुरडा. आता भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) टिपायला गेलात, तर दीडपट लहान क्रॉप सेन्सरवर 200 मिलिमीटरची लेन्स 300सारखी चौकट देते, म्हणजे कमी वजनात आणि कमी पैशात पक्षी जवळ येतो. पण स्वस्तात भागणारा छंद चारचौघांत सांगायचा कसा?

लेन्सवर पैसे घालवू नका. लाखाची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्या आणि तिच्यावर जुनी 18-55 लेन्स चढवा. 50 मिलिमीटरची, f/1.8पर्यंत मोठी उघडून भरपूर उजेड घेणारी लेन्स कमी पैशात संध्याकाळच्या उजेडातही सुरेख चेहरे काढते असं सांगणारे भेटतील. अशांशी संबंध ठेवू नका.

1975 साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तो 0.01 मेगापिक्सेलचा. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात माणूस पुढच्या फोटोचा विचार करू शकत होता, हा त्या यंत्रातला मोठाच दोष. तुम्ही सेकंदाला 20 फोटो काढणारा घ्या. एका नातवाच्या एका जांभईचे 60 फोटो जमतील आणि त्यातला कुठला ठेवायचा, हे रिटायर झाल्यावर बघता येईल.

आणि घाई तर अजिबात नको. नवं मॉडेल नेहमी येऊच घातलेलं असतं. ते आलं की दिवाळीच्या ऑफरची वाट पाहा, दिवाळी गेली की गुढीपाडव्याची. तोवर कासची फुलं फुलून सुकतील. फुलं काय, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा येतात.

हातातला कॅमेरा मात्र पावसाळाभर चामडी बॅगेत, बॅग कपाटात आणि कपाट बंद, असा ठेवा. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हे कंजूष लोकांचे उपाय. कोकणात किंवा मुंबईत असाल, तर दमट हवा उरलेलं काम चोख करते. दुकानदार लेन्स उजेडासमोर धरून आतली बुरशीची जाळी दाखवेल, साफ होईल पण काचेवरच्या कोटिंगची खात्री नाही म्हणेल. चेहरा पडू देऊ नका. मान हलवून म्हणा, ‘‘जाऊ दे हो, तसाही बदलायचाच होता.’’