उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका, कळकळीने सांगते

मे महिना लागला की आमच्या नागपुरात गाडी बाहेर काढणाऱ्याला घरातलं एक तरी मोठं माणूस सांगतंच, "ऊन किती तापून राहिलं, हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेव. गरम होऊन फुगते अन् मग टायर फुटतो." मला माझ्या मामांनी सांगितलं होतं. प्रेमानेच सांगितलं आणि मी ऐकलं. हा सल्ला साफ उलटा आहे, हे मला मेहकरच्या एका टायरच्या दुकानात कळलं. आता पुन्हा सुट्ट्यांचे दिवस आलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही समृद्धीने शिर्डीला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. शेजारी नवरा, मागे आई आणि दोन्ही मुलं. डिकीत बॅगा, पाण्याचा कॅन आणि आईने घेतलेला डबा-दुबा. आदल्या दिवशी भर दुपारी पंपावर गेले. मशीनवर मागच्या चाकात ३६ आलं. मामांचं बोलणं डोक्यात होतं, म्हटलं, "३० कर." पोराने सुस्सकन हवा सोडली, चारही चाकं ३० वर आणली आणि मी निर्धास्त घरी आले.

मेहकरच्या अलीकडे गाडीचं मागचं अंग डुलायला लागलं. लेन बदलली की सरळ व्हायला क्षणभर जास्त घ्यायची. मी वेग कमी केला, मेहकरला बाहेर पडले आणि कडेला थांबले. मागच्या डाव्या चाकाजवळ वाकले तर जळक्या रबराचा वास. हात लावला तर चटका बसला. हळूहळू गावात नेली. दुकानातल्या काकांनी टायर रिमवरून उतरवला आणि म्हणाले, "ताई, आत हात फिरवून पाहा." बोटांना काळा भुगा लागला. आमची आजी दात घासायला काळं मंजन वापरायची, अगदी तसा. टायरची बाजूची भिंत आतल्या आत घासली जाऊन तो निघाला होता. बाहेरून त्याच जागी एक फिकट गोल पट्टा उमटला होता. खिळा नाही, काच नाही, कुठे चीर नाही, वरची नक्षीही भरपूर शिल्लक. काका म्हणाले, "हवा कमी होती. असाच चालवला असता तर फुटलाच असता." ती सीट आईची होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी आल्यावर मी हे सगळं नीट समजून घेतलं. हवा गरम झाली की दाब वाढतो हे खरंच आहे, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय, म्हणजे पंपावर आपण ज्याला एक पॉइंट म्हणतो तो. पण धडधाकट टायर तेवढ्याने फुटत नाही. गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा ही वाढ धरूनच दिलेला असतो. थंड असताना ३३ असेल तर हायवेवर त्याचे ३८ होतात, आणि व्हायलाच हवेत. टायरचा जीव घेते ती वाकण्यातून तयार होणारी उष्णता. १२० च्या वेगाला साध्या कारचं चाक सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरतं. दर फेरीला खाली आलेला भाग वजनाने दबतो आणि वर जाताना पुन्हा सरळ होतो. लोखंडाची तार दोन्ही हातांत धरून भराभर वाकवून बघा, वाकते त्या जागी बोट टेकवत नाही. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त वाकते, जास्त तापते, आणि शेवटी रबर आतल्या दोऱ्या-तारांपासून सुटायला लागतं. म्हणजे उष्णतेच्या भीतीने आपण हवा कमी करतो आणि स्वतःच्या हाताने उष्णता वाढवतो.

समृद्धी सिमेंटची आहे म्हणून टायर फुटतात, असंही सगळे म्हणतात. रस्ता तापतो हे कबूल. पण तोच रस्ता, तेच ऊन, त्याच तासाला शेकडो गाड्या सुखरूप जातात. फरक टायरमध्ये असतो. ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता, ना सिग्नल ना गाव, टायरला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. गावातल्या गावात खपून जाणारी कमी हवा तिथे खपत नाही.

आता माझी चूक नेमकी किती मोठी होती ते सांगते. दुपारी उन्हातून गेलेला टायर ५५ अंशांच्या आसपास असेल असं धरा. त्या गरम टायरमध्ये मी ३० ठेवले. पहाटे २८ अंशांत तो टायर निवला की तेच ३० उतरून सव्वीसवर येतात. आणि माझ्या गाडीच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना ३६ लिहिलेत! तब्बल दहा कमी. मला वाटत होतं, आपण सहाच कमी केले.

हा स्टिकर तुमच्याही गाडीवर आहे. ड्रायव्हरचं दार उघडा, दार जिथे बंद होतं त्या खांबावर बघा. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा, दोघं-तिघं बसले तर वेगळा आणि गाडी भरली तर वेगळा असू शकतो. मी ही गाडी चार वर्षं चालवली आणि तो खांब कधी निरखून पाहिला नव्हता. टायरच्या अंगावर जो आकडा असतो, ४४ किंवा ५१ वगैरे, तो टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो भरायचा आकडा नाही. पंपावर "किती ठेवू?" विचारल्यावर आपण सगळे सवयीने "पस्तीस" म्हणतो, मग गाडी छोटी असो की मोठी. त्या पस्तीसला कसलाच आधार नाही. मायलेजसाठी ठरल्यापेक्षा जास्त भरणंही चूकच. टायर मधोमध झिजतो आणि पावसात पकड कमी होते.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिलेली आणि तीही उन्हात नाही. पंपापर्यंत गाडी चालवत गेलात की टायर थंड राहत नाही. म्हणून मी हवा मोजायचं एक छोटं गेज घेतलं, तीन-चारशे रुपयांत मिळतं. सकाळी दारातच मोजते. समजा ३३ हवेत आणि २९ निघाले, तर चार कमी आहेत. पंपावर जाईपर्यंत तोच टायर ३१ दाखवेल. तिथे ३३ करायचे नाहीत, आणखी चार घालून ३५ करायचे. कमी किती आहे तो फरक लक्षात ठेवायचा, बस्स. आणि गरम टायरमधली हवा कधीही सोडायची नाही.

अमेरिकेला हे फार मोठी किंमत देऊन शिकावं लागलं. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवर फायरस्टोनचे टायर होते आणि फोर्डने त्यात २६ पीएसआय ठेवायला सांगितलं होतं. धावता धावता टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. घटना जास्त करून टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांतल्या. दोनशेहून जास्त माणसं गेली. टायरमध्येही दोष होता, सगळं खापर हवेवर फोडता येत नाही. पण ऊन, वेग, लादलेली गाडी आणि कमी हवा ही जोडी तिथेही होतीच. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलावले गेले, त्याच वर्षी कायदा झाला आणि २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. २६ हा आकडा वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या गाडीत त्या पहाटे तेवढीच हवा होती आणि आत माझी मुलं होती.

ही यंत्रणा आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत येते आता. चांगलीच आहे, पण हवा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त उतरल्यावरच दिवा लागतो असं बहुतेक गाड्यांत असतं. तोवर नुकसान सुरू झालेलं असतं. नायट्रोजनबद्दल मला खूप जण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि नायट्रोजनही तापला की तसाच फुगतो. भरायचा तर भरा, पण मोजणं सुटत नाही. स्टेपनीही मोजा. बारीक स्टेपनी असेल तर तिला बहुतेक ६० पीएसआय लागतात, तिच्यावर लिहिलेलं असतं. आणि व्हॉल्व्हला ओलं बोट लावून बघा, पंक्चरवाले लावतात तसं. बुडबुडा आला तर पिन बदलून घ्या, काही रुपयांचं काम आहे.

मामांना मी गेल्या महिन्यात एक गेज नेऊन दिलं. आधी म्हणाले, "चाळीस वर्षं गाडी चालवून राहिलो, मला शिकवते का?" काल सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. "अगं, मागचा डावा सत्तावीस दाखवते. स्टिकरवर तेहतीस लिहिलंय. पंपावर आता किती सांगू?"

म्हटलं, "मामा, तिथे जो आकडा दिसेल त्यात सहा वाढवायला सांगा."