पगार बंद करून स्वतःलाच कर्ज देणाऱ्यांसाठी

‘काँट्रॅक्ट संपलं? टेन्शन नको! कंपनीतला पैसा टॅक्स न भरता वापरायच्या पाच युक्त्या’ असा एक मेसेज सध्या फ्रीलान्सरांच्या ग्रुपांवर फिरतोय. रोज इतका कचरा येतो, त्यात हाही गेला असता. पण परवा भाच्याचा फोन आला. तो बाणेरला राहतो. त्याची आणि बायकोची मिळून प्रायव्हेट लिमिटेड आहे, हिंजवडीतल्या कंपन्यांची कामं घेतात आणि सध्या दोन कामांच्या मधला रिकामा काळ चाललाय. म्हणाला, “मामा, कंपनीत पैसे पडूनच आहेत. बारा लाख लोन म्हणून काढतो, फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला होतील. मार्चच्या आत परत टाकायचे, की टॅक्स शून्य. मेसेजमध्ये सगळं दिलंय.”

सगळं दिलंय खरं. फक्त आयकर कायदा द्यायचा राहिलाय.

हीच ती पहिली युक्ती: गॅपमध्ये पगार बंद करा, त्याऐवजी ‘डायरेक्टर लोन’ घ्या, 31 मार्चच्या आत परत करा, कारण कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. बाकी चार युक्त्यांनी दंड-व्याजावर भागेल. ही मात्र घरादाराला महागात पडणारी आहे, म्हणून आधी हिचाच समाचार घेतो.

1961 च्या आयकर कायद्यात कलम 2(22)(ई) आहे. मोजक्या लोकांच्या हातातल्या कंपनीने किमान 10 टक्के मतदानाचा हक्क असलेल्या भागधारकाला कर्ज किंवा आगाऊ रक्कम दिली, तर कंपनीकडे जेवढा साठलेला नफा आहे तेवढ्यापुरती ती रक्कम लाभांश, म्हणजे भागधारकाला मिळालेला नफ्याचा वाटा, मानली जाते आणि त्या भागधारकाच्या उत्पन्नात धरली जाते. नवरा-बायकोच्या कंपनीत दहा टक्क्यांच्या खाली कोण असणार? आणि गॅपसाठी म्हणून कंपनीत राखून ठेवलेला पैसा हा साठलेला नफाच असतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तरतूद जागेवर आहे.

“पण मी परत करणार आहे ना!” ही पळवाट नवी नाही. तरुलता श्याम यांच्या खटल्यात 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच तपासलं. कर्ज त्याच वर्षात फेडलेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या शब्दांत प्रकरण बसतं, त्यामुळे कितीही जाचक वाटलं तरी कर लागणारच. पैसे हातात आले त्या क्षणी लाभांश झाला, नंतर परत केल्याने तो पुसला जात नाही. जवळजवळ पन्नास वर्षं जुना निकाल आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला युक्ती आत्ता सुचलीय.

आता आकडे, 2025-26 च्या नव्या करपद्धतीचे. भाचा महिन्याला एक लाख पगार घेतो, वर्षाचे 12 लाख. 75 हजारांची प्रमाणित वजावट आणि रिबेट (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी करमाफी) धरून त्याचा वैयक्तिक कर शून्य. त्यात हे 12 लाखांचं ‘लोन’ लाभांश म्हणून मिसळलं की करपात्र रक्कम 23.25 लाख, आणि कर सेससकट (सेस म्हणजे करावरचा जादा आकार) 2,92,500 रुपये. शिवाय त्याच पैशावर कंपनीने आधीच कर भरलाय. कलम 115बीएएचा, म्हणजे कमी दराचा, पर्याय घेतलेल्या कंपनीला हा कर अधिभार आणि सेस धरून 25.168 टक्के पडतो.

मोठी रक्कम न काढता मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे सहा महिने पगाराऐवजी लाख-लाख लोन घेतलं तर? वैयक्तिक कर तेव्हाही शून्यच. पण पगार हा कंपनीचा खर्च असतो, कर्ज नसतं. सहा लाखांची वजावट हातची गेली, म्हणजे कंपनीला 1,51,008 रुपये जादा. सरळ पगार चालू ठेवला असता तर हे वाचले असते. गॅपमुळे कंपनी तोट्यात गेली तरी बिघडत नाही. रिटर्न मुदतीत भरलं तर धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षं ओढून नफ्यातून वजा करता येतो.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम 185 ची बंदी आहे, पण 2015 च्या अधिसूचनेने छोट्या खाजगी कंपन्यांना काही अटींवर त्यातून सूट दिलीय. त्यामुळे ‘लोन देणं बेकायदा नाही’ हे मेसेजमधलं वाक्य अनेकांच्या बाबतीत खरं आहे. बेकायदा नाही, करपात्र आहे.

दुसरी युक्ती: ज्या तिमाहीत काम नाही, त्या तिमाहीचा ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा कर) नाही, तेव्हा ते पैसे शेअर बाजारात फिरवा. अहो, कर वर्षाच्या उत्पन्नावर असतो. जूनमध्ये 15 टक्के, सप्टेंबरपर्यंत 45, डिसेंबरपर्यंत 75, मार्चपर्यंत 100. पहिल्या सहामाहीत कमावलं असेल तर दुसरीत रिकामं बसून त्याचा कर माफ होत नाही. काम थांबल्यावर वर्षाचा अंदाज खाली आणून पुढचे हप्ते कमी करता येतात, तेवढं जरूर करा. कराचे पैसे वेगळ्या खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवायलाही कोणाची ना नाही. पण हप्ता चुकवून एफडीचं व्याज खाऊ म्हणाल, तर तिकडे थकलेल्या करावर महिन्याला 1 टक्का व्याज लागतं. आणि हप्त्याच्या दिवशी, 15 डिसेंबरला, बाजार कुठे असेल हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने फ्रीलान्सिंग तरी का करावं?

तिसरी, ‘44एडीए लावा, अर्धं उत्पन्न माफ’. व्यावसायिकांची अर्धीच कमाई करपात्र धरणारं हे आयकराचं कलम निवासी व्यक्ती आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नसलेल्या भागीदारी फर्मसाठी आहे. कंपनीला नाही. विषय संपला.

चौथी, इनव्हॉइस नाही तर जीएसटी रिटर्नही नाही. नोंदणी आहे तोवर शून्याचं रिटर्नही भरावंच लागतं, नाहीतर रोजचे वीस रुपये लेट फी. महिनोन्‌महिने भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. मग नवं काम हातात आलेलं असताना क्लायंट जीएसटी नंबर तपासतो आणि तो बंद निघतो.

पाचवी म्हणे, ‘सीएला सांगू नका, तो फीसाठी घाबरवतो’. उलाढाल शून्य असली तरी कंपनीचं ऑडिट सक्तीचं आहे, तेव्हा न सांगता जाल कुठे? संचालकाला दिलेलं कर्ज ताळेबंदात वेगळं दिसतं आणि तो ताळेबंद कंपनी रजिस्ट्रारकडे जमा होतो. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तो कोणालाही उघडता येतो.