'मराठीत डिस्लेक्सिया नसतोच' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तासगाव भागातल्या पालकांच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. डिस्लेक्सिया (म्हणजे डोकं आणि नजर चांगली असूनही वाचायला-लिहायला अडणं) हे इंग्रजी शाळांचं नवं खूळ आहे, मराठी जशी लिहितो तशीच वाचतो म्हणून आपल्या पोरांना तो होत नाही, छडी होती तेव्हा सगळे वाचायला शिकायचे, आणि डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट म्हणजे फुकटचे मार्क. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे वाचून कुणी तपासणी टाळली तर पोराचं वर्ष जातं, म्हणून लिहिते आहे.

नवं खूळ? 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 14 वर्षांच्या एका मुलाची नोंद छापली. पोरगा हुशार, नजर चांगली, पण वाचता येईना.

मराठीचं म्हणाल, तर 'सूर्य' घ्या. लिहिताना रफार 'य'च्या डोक्यावर, बोलताना मात्र 'र' आधी. 'किती'तली वेलांटी 'क'च्या आधी काढायची, उच्चारायची नंतर. 'च' एकच, पण चहातला वेगळा आणि चांगल्यातला वेगळा. आपली लिपी इंग्रजीपेक्षा सरळ आहे, हे खरं. पण अशा लिपीत डिस्लेक्सिया नाहीसा होत नाही, लपतो. चुका कमी दिसतात, वाचन मात्र रखडतं आणि शुद्धलेखन कोलमडतं.

माझ्या चौथीच्या वर्गात बागायतदाराचा एक मुलगा आहे. द्राक्षबागेत छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारणी कधी घ्यायची, हे तो मोठ्या माणसासारखं सांगतो. पुस्तकात 'द्राक्ष' आलं की बोट तिथंच थांबतं. 'द... दरा...' आणि मग अंदाजानं 'दार'. पुढच्या ओळीत तोच शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून. याला आळस म्हणायचं?

छडीनं सगळे शिकले, हे खोटं आहे. जे शिकले नाहीत ते 'डोकं नाही' म्हणून शाळेतून गळाले आणि गुरांमागं गेले. त्यांची मोजदाद कुणी केली नाही. मारानं शब्दातले आवाज सुटे ऐकू येत नाहीत, आणि अडचण बहुतेकदा तिथंच असते. म्हणून मी 'द्राक्ष' टाळ्या वाजवत फोडून घेते, रांगोळीत बोटानं गिरवून घेते, रोज पंधरा मिनिटं. हळू चालतं, पण चालतं.

राहिलं सर्टिफिकेट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. उत्तर त्या पोरालाच सांगावं लागतं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांना सांगून तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. आठ वर्षांचं पोर अजून अक्षर-अक्षर जुळवत बसत असेल, तर 'पुढं सुधारेल' म्हणून थांबू नका. आणि तोवर धडा तुम्ही वाचून दाखवा. माझा हा मुलगा ऐकलेल्या धड्यावरच्या सगळ्या प्रश्नांना तोंडी उत्तरं देतो.