पाणीच, पण तुम्ही ओतायचं नाही

सर, नमस्कार. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीला आग लागली तर 'पाण्याचा मारा करा' असं मी लिहिलं होतं. 'लिथियम पाण्यात टाकलं तर काय होतं हे नववीतलं पोर सांगेल, आणि तुम्ही बॅटरीच्या आगीवर पाणी मारायला सांगता? त्यापेक्षा पुळणीवरची वाळू टाका,' असं तुम्ही झापलंत. त्यातलं अर्धं मान्य.

अमान्य अर्धं आधी. प्रयोगशाळेत तुम्ही रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचात त्या सोडियमसारखा, पाण्यात भडकणारा धातूचा तुकडा स्कूटरच्या लिथियम-आयन सेलमध्ये नसतो. तिथे लिथियम आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या रूपात मुरलेलं असतं. जळतो तो मुख्यतः आतला द्रव आणि त्यातून सुटणारे वायू. एक सेल भडकला की शेजारचा तापतो, मग त्याच्या पलीकडचा. ही साखळी तोडायला उष्णता काढून घ्यावी लागते, त्यासाठी भरपूर पाणी लागतं. वाळू ज्वाळा झाकते आणि उष्णता आत कोंडून ठेवते.

आता तुमचं बरोबर. 'पाण्याचा मारा करा' लिहून मी मोकळा झालो, कुणी करायचा ते लिहिलंच नाही. ते काम बंबाचं. माझ्या मामेभावाची स्कूटर पडवीत, लाकडांच्या रचीला टेकून चार्जिंगला होती. सीटखालून कुकरची शिट्टी अडकावी तशी फुसफुस आणि पांढरा धूर. त्याला वाटलं वाफ आहे, बॅटरी काढायला वाकला. वहिनीने मेन स्विच पाडला आणि त्याला शर्टाला धरून बाहेर ओढलं. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, फुप्फुसं जाळणारा. बॅटरीतून द्रव गळत असेल तरी हात लावायचा नाही, फडक्याने पुसायचाही नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब उभं राहून 101 किंवा 112 लावा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. बंब येईपर्यंत पडवीचं अर्धं छप्पर गेलं. विझलेला सांगाडा अंगणात मोकळ्यावर ठेवला म्हणून बरं, दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत धुमसला.

पण सर, पाण्याची तुमची भीती मला चुकीच्या जागी वाटते. आपल्या किनाऱ्यावर घाबरायचं ते उधाणाच्या खाऱ्या पाण्याला, आग लागलेली नसतानाही. फ्लोरिडात 2022 साली इयन चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या. वरून गाडी सुकते, आत मीठ राहतं आणि विजेला नको तिथे वाट करून देतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी शिरलेली स्कूटर माझ्या गॅरेजात येते, ती 'चालू होते का बघ' म्हणूनच. चालू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. घरापासून पन्नास फूट लांब, उघड्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

शेवटी तुम्ही विचारलंत, सुनेने गाडी घ्यावी की नाही. घ्यावी. फक्त तुमच्या घरात चार्जिंगचा पॉइंट जिन्याखाली काढताय असं लिहिलंय, तो तिथे नको. वर झोपलेल्यांना उतरायला तेवढाच एक जिना आहे ना?