परदेशातून: पिस्तूलवाला पाद्री आणि आमचा फॅमिली ग्रुप

२७ फेब्रुवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षीसारखे कुसुमाग्रजांचे फोटो आले, जोडलेले हात आले, आणि मग पुण्याच्या मामेभावाचा, म्हणजे दादाचा, मेसेज. "अभिजात दर्जा मिळाला ना, आता त्याचं लोणचं घाला. संतांनी भाषा टिकवली, पंडितांनी टिकवली, हे सगळं भाषणापुरतं. भाषा पोटावर टिकते. मराठीचा उपयोग काय ते सांगा." खाली १७ अंगठे. त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचापण.

मी तेव्हा इथे वेल्समधे, कार्डिफ सेंट्रल स्टेशनवर गाडीची वाट बघत होते, अनाउन्समेंट आधी वेल्शमधे मग इंग्लिशमधे चाललेली, गाडी कॅन्सल झाल्याचं दोन्ही भाषांत कळलं, आणि डोकं असं फिरलं म्हणता. दादा नोकरीवाला, शहाणा माणूस आहे, पण काहीही बोलतो.

दादा, मी जिथे राहते तिथली भाषा पाद्र्यांनीच टिकवली. विल्यम मॉर्गन म्हणून होता, पेनमाखनोजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, केंब्रिजला शिकला आणि मग लानरायादर नावाच्या आडगावात व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री झाला. गावात त्याची भांडणं इतकी की तो कॅसॉकखाली, म्हणजे पाद्र्याच्या लांब झग्याखाली, पिस्तूल घेऊन चर्चमधे येतो असा आरोप त्याच्यावर होता. या सगळ्या कोर्टकचेऱ्यांत त्या माणसाने अख्खं बायबल वेल्शमधे आणलं. छपाई लंडनला, छापखान्यातल्या लोकांना वेल्शचा एक शब्द येत नाही, म्हणून हा जवळजवळ वर्षभर लंडनमधे वेस्टमिन्स्टरच्या डीनकडे, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्याकडे, मुक्काम ठोकून प्रुफं बघत बसला. १५८८ साली पुस्तक आलं. आम्ही एकदा लानरायादरला गेलो होतो, खरं तर पुढचा धबधबा बघायला, आणि येताना चर्चपाशी थांबलो तर आत कुणी नव्हतं आणि बाहेर पाऊस, मी त्या बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायले आणि उगीचच भरून आलं.

त्याच्या आधी, १५६७ मधे, नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, वेल्शमधे आला होता. तो मुख्यतः विल्यम सेल्सबरीचा. सेल्सबरी प्रचंड विद्वान, पण त्याने स्पेलिंग लॅटिनच्या वळणावर नेलं, वेल्श शब्द लॅटिनमधून आलेत हे दिसलं पाहिजे म्हणून. झालं काय, चर्चमधे उभं राहून मोठ्याने वाचताना लोकांची जीभ अडखळायला लागली. आपल्याकडचा जीआर आठव, शब्द न शब्द मराठी आणि कळत काही नाही, तसंच. मॉर्गनने ते सगळं साफ केलं, जुन्या कवींची भाषा घेतली पण अशी की कानाला बसेल. दर रविवारी प्रत्येक गावात तीच भाषा ऐकू यायला लागली. प्रमाणभाषा अशी तयार होते, समिती नेमून नाही. पुढे १६२० मधे जी सुधारलेली आवृत्ती आली तिच्यात मॅल्विडच्या जॉन डेव्हिसचा हात होता, तोही चर्चवाला, आणि त्यानेच व्याकरण लिहिलं, १६३२ ला शब्दकोश काढला.

मग ग्रिफिथ जोन्स, तोही पाद्री. १७३१ च्या सुमारास याने फिरत्या शाळा चालू केल्या, हिवाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा मास्तर गावात यायचा, तीनेक महिने मुलांना आणि मोठ्यांना वाचायला शिकवायचा आणि पुढच्या गावाला जायचा. १७६१ ला तो गेला तोवर अशा ३,००० च्या वर शाळा भरून झाल्या होत्या. आता सांग, भाषणापुरतं?

आणि अ‍ॅन ग्रिफिथ्स! ही पाद्रीण नाही, शेतकऱ्याची मुलगी, बाळंतपणानंतर १८०५ मधे गेली, तिशीसुद्धा गाठली नाही. तिची भजनं कागदावर फारशी नव्हतीच. घरात कामाला रूथ नावाची बाई होती, तिला लिहिता येत नव्हतं पण भजनं पाठ होती. रूथने ती स्वतःच्या नवऱ्याला म्हणून दाखवली, त्याने उतरवून घेतली. आपल्याला बहिणाबाई आणि सोपानदेव आठवणारच.

एवढं सगळं मी टाइप केलं होतं. पाठवलं नाही, कारण दादा गुगल करतो. १५६३ चा जो कायदा वेल्श बायबल आणा म्हणाला, त्यातच लिहिलं होतं की शेजारी इंग्लिश बायबलही ठेवा, म्हणजे लोक ताडून बघत इंग्लिश शिकतील. सरकारला वेल्शचं प्रेम वगैरे काही नव्हतं, प्रोटेस्टंट करायचे होते. आणि पाद्री, कवी, पंडित एवढे असूनही १९११ ला ४३.५ टक्के लोक वेल्श बोलायचे ते २०२१ ला १७.८ टक्क्यांवर आलेत. पोट, दादा म्हणतो तेच. गोरोन्वी ओवेनचं बघा. अठराव्या शतकातला काय ताकदीचा कवी, धर्मगुरू, पण अँगलसी या वेल्समधल्या त्याच्या बेटावर त्याला चर्च मिळेना, आयुष्य इंग्लंडात क्युरेटगिरी, म्हणजे दुय्यम पाद्र्याची नोकरी, करण्यात गेलं, शेवटी १७५७ मधे व्हर्जिनियाला निघाला आणि बोटीवरच बायको आणि धाकटं मूल गेलं. परत आलाच नाही. अँगलसीच्या ओढीवर त्याची कविता आहे. इथे त्या ओढीला हिरायथ म्हणतात, टी टॉवेलवरपण छापतात, माझ्याकडे दोन आहेत.

आणखी एक आर. एस. थॉमस, विसाव्या शतकातला. व्हिकर, कवी, वेल्शचा इतका कट्टर की इंग्लिश पर्यटकांवर भडकायचा. वेल्श मोठेपणी शिकला, आत्मचरित्र वेल्शमधे लिहिलं, पण कविता इंग्लिशमधेच केल्या. आणि मुलाला इंग्लंडमधल्या बोर्डिंगमधे घातलं. हे वाचून मी पहिल्यांदा हसले होते, काय ढोंगी माणूस म्हणून.

आमच्या घरापासून वेल्श माध्यमाची शाळा सात मिनिटांवर. लेक चार वर्षांचा होता तेव्हा समोरच्या आजी म्हणाल्या, इकडच्या बऱ्याच जणांच्या घरी वेल्श नसते तरी मुलं तिकडेच जातात, घाल बिनधास्त. नवऱ्यालापण पटलं होतं. मीच किचनमधे भांडी पुसता पुसता म्हणाले, "पण त्याचा उपयोग काय?" शब्दशः. इंग्लिश शाळेत घातला. तिथेही वेल्श शिकवतात म्हणा, त्याला रंग आणि आठवड्याचे वार येतात. मराठी म्हणाल तर समजते, असं मी लोकांना सांगते.

त्याच २७ तारखेला संध्याकाळी दादाने ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. त्याची मुलगी मराठी शाळेत आहे, घराजवळ पडते आणि फी कमी म्हणून, असं तोच सांगतो. तिने कुसुमाग्रजांची कविता म्हटली होती, एका दमात, मधे कुठे तरी कुकरची शिट्टी. माझा लेक शेजारी सेरियल खात बसला होता, म्हणाला, छान म्हणतेय, पण काय म्हणतेय?

मी त्याला इंग्लिशमधे सांगितलं.